नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जुन्या आज्ञावली : अडचणींचे स्वरूप आणि महाविद्यालयीन नोंदी

प्रास्ताविक

संगणक हा महाविद्यालयीन कामकाजाचा अविभाज्य भाग बनला आहे, हे विधान आता इतके रुळले आहे की त्यातून निघणारी एक साधी गोष्ट नजरेआड होते. कागदी नोंदवही पन्नास वर्षांनी उघडली तरी वाचता येते. वाळवी आणि पाणी एवढेच तिचे शत्रू. १९९६ साली फॉक्सप्रोमध्ये भरलेली निकालाची नोंद वाचण्यासाठी मात्र ती फाईल, फाईल उघडणारी आज्ञावली, आज्ञावलीला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्या सिस्टीमला पेलणारे यंत्र या चारही कड्या एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात. यांपैकी एक कडी निखळली तरी नोंद अस्तित्वात असूनही हाती लागत नाही.

हा प्रश्न सध्या अधिक तीव्र होण्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित साहाय्य थांबवले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही २०२१ साली आली, ती केवळ ६४ बिटांच्या स्वरूपात. जुने संगणक निकालात काढून नवे घेण्याचे काम त्यामुळे अनेक ठिकाणी एकदमच निघाले. अशा वेळी पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा माजी विद्यार्थी गुणपत्रकाच्या पडताळणीसाठी कार्यालयात येतो. जुन्या निकालाची आज्ञावली नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवून घेतलेली असते. पण ती सुरू करू जाता ‘ही आज्ञावली या संगणकावर चालू शकत नाही’ अशा अर्थाची एक ओळ तेवढी पडद्यावर येते.

‘आज्ञावली जुनी झाली’ हे अशा प्रसंगी दिले जाणारे नेहमीचे स्पष्टीकरण होय. वस्तुतः ते स्पष्टीकरणच नव्हे. आज्ञावलीला गंज चढत नाही. १९९६ सालच्या फाईलमधील प्रत्येक बाइट आजही तोच असतो. बदललेली असते ती तिच्याखालची जमीन. ही जमीन नेमकी कोठे बदलली हे कळल्याखेरीज उपाय सापडत नाही, कारण प्रत्येक बदलावरील उपाय वेगळा आहे. प्रस्तुत लेखात विंडोजच्या संदर्भात या बदलांचा ऊहापोह केला असून, मराठीतून काम करणाऱ्या महाविद्यालयांपुढे त्यातून उभ्या राहणाऱ्या विशेष अडचणींचाही विचार केला आहे.

सोळा बिटांचा वारसा

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली आला. तो एका वेळी सोळा बिटांचे काम करीत असे आणि त्याला एकूण एक मेगाबाइट स्मृती हाताळता येत असे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीमध्ये यांपैकी ६४० किलोबाइट एवढीच जागा आज्ञावलींच्या वाट्याला आली. डॉस ही या यंत्रावरील ऑपरेटिंग सिस्टीम अतिशय सैल स्वभावाची होती. एका वेळी एकच आज्ञावली चालत असल्याने संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे ती गृहीत धरी. पडद्याच्या स्मृतीत थेट अक्षरे लिहिणे, प्रिंटरच्या पोर्टशी थेट बोलणे, घड्याळाचे ठोके स्वतःच मोजणे या गोष्टी त्या काळच्या प्रोग्रामरना गैर वाटत नसत. वेगासाठी ते आवश्यकही होते.

पुढे एकाच वेळी अनेक आज्ञावली चालवण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा या एकलकोंड्या आज्ञावलींचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. १९८५ साली आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरने त्याचे उत्तर दिले. त्यात ‘आभासी ८०८६’ नावाची एक अवस्था होती. तीत प्रत्येक डॉस आज्ञावलीला आपण एका स्वतंत्र ८०८६वर चालत आहोत असे भासे. वाड्यातील प्रत्येक भाडेकरूला सगळा वाडा आपलाच वाटावा आणि मालकाने मात्र सर्वांवर लक्ष ठेवावे, असा हा प्रकार. विंडोज ९५ने ही सोय वापरली. १९९३ साली सुरू झालेल्या विंडोज एनटीच्या परंपरेतही, म्हणजे पुढे विंडोज एक्सपीपर्यंत आणि त्यानंतरही, डॉस आज्ञावलींसाठी याच सोयीवर उभारलेले एक ‘आभासी डॉस यंत्र’ अंतर्भूत होते. डॉस हा संपूर्ण पाया काढून घेतला गेल्यानंतरही महाविद्यालयांच्या कार्यालयांतील वेतनाच्या आणि निकालाच्या डॉस आज्ञावली एक्सपीवर विनातक्रार चालत राहिल्या, त्या यामुळे.

ही साखळी तुटली ती ६४ बिटांच्या प्रोसेसरमुळे. एएमडीने २००३ साली बाजारात आणलेल्या रचनेत, जी पुढे इंटेलनेही स्वीकारली, प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत असताना आभासी ८०८६ ही अवस्था उपलब्धच नसते. साहजिकच ६४ बिटांच्या विंडोजमधून आभासी डॉस यंत्र वगळण्यात आले. विंडोज ३.१साठी लिहिलेल्या सोळा बिटांच्या आज्ञावलींची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या प्रोसेसरला अजूनही चालवता आल्या असत्या. परंतु विंडोज प्रत्येक खिडकीला, प्रत्येक चित्राला जो ओळखक्रमांक देते, तो ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा असतो. सोळा बिटांच्या आज्ञावलीजवळ ६५,५३५हून मोठा क्रमांक ठेवण्यास जागा नाही. बँकेने सहा अंकी टोकन द्यावे आणि ग्राहकाच्या कागदावर पाचच चौकोन असावेत, अशी ही अडचण होती. तेव्हा त्याही आज्ञावली वगळल्या गेल्या.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. ‘विंडोज ७पर्यंत चालत होते, विंडोज १०पासून बंद पडले’ असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात विंडोज ७ आणि विंडोज १० या दोन्ही प्रणाली ३२ आणि ६४ अशा दोन्ही स्वरूपांत उपलब्ध होत्या. ३२ बिटांच्या विंडोज १०मध्ये आभासी डॉस यंत्र होते आणि ६४ बिटांच्या विंडोज ७मध्ये ते नव्हते. म्हणजे निर्णायक ठरतो तो विंडोजचा क्रमांक नसून बिटांची संख्या. जुन्या यंत्रावर ३२ बिटांची प्रणाली होती आणि नवे यंत्र ६४ बिटांचे आले, एवढेच बहुधा घडलेले असते.

१९९५नंतर लिहिल्या गेलेल्या बहुसंख्य आज्ञावली ३२ बिटांच्या आहेत आणि त्यांच्यासाठी विंडोज ११मध्येही व्यवस्था आहे. तरीही त्यांपैकी काही बसवताच येत नाहीत, कारण आज्ञावली ३२ बिटांची असली तरी ती सीडीवरून संगणकात उतरवणारी बसवणी-आज्ञावली मात्र सोळा बिटांची असे. घर नवे आणि दाराची चौकट जुन्या मापाची! जुन्या यंत्रावरील बसवलेला फोल्डर सरळ उचलून आणला असता अशा काही आज्ञावली चालू लागतात.

यंत्र फार वेगवान झाल्याने

काही जुन्या आज्ञावली बंद पडतात त्या यंत्र अपुरे असल्याने नव्हे, तर ते गरजेपेक्षा वेगवान असल्याने. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या आज्ञावलींचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. या भाषेतील सीआरटी नावाचा एक घटक आज्ञावली सुरू होताच यंत्राचा वेग मोजत असे. पीसीच्या घड्याळाचा एक ठोका सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. एका ठोक्यात एक लहानशी आवृत्ती किती वेळा पूर्ण होते हे मोजायचे आणि त्या संख्येला ५५ने भागायचे, म्हणजे एका मिलिसेकंदात किती आवृत्त्या होतात ते कळते. ‘एक सेकंद थांब’ यासारख्या सूचनांसाठी हा हिशेब लागे. भागाकाराच्या उत्तरासाठी सोळा बिटांची जागा राखलेली होती. त्या काळच्या यंत्रांना ती ऐसपैस होती.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे २०० मेगाहर्ट्झ आणि त्याहून वेगवान पेंटियम वर्गातील प्रोसेसर आले आणि हे उत्तर ६५,५३५च्या पलीकडे गेले. उत्तर जागेत मावत नसेल तर प्रोसेसर जो इशारा देतो, तोच तो शून्याने भागले असतानाही देतो. परिणामी आज्ञावली पहिल्याच क्षणी ‘त्रुटी २०० : शून्याने भागाकार’ असे सांगून बंद पडे. शून्य कोठेच नव्हते. लिहिणाऱ्याने यंत्र इतके वेगवान होईल अशी कल्पना केली नव्हती, इतकेच. ही चूक दुरुस्त करणारे लहान उपकार्यक्रम पुढे उपलब्ध झाले. परंतु त्रुटीचा संदेश वाचून आपल्या विदेतच काही बिघाड झाला आहे, अशी वापरणाऱ्याची समजूत होणे स्वाभाविक होते.

सोयीच्या पोटातील गैरसोय

तिसरा बदल हक्कांचा. विंडोज ९८च्या काळात आज्ञावली आपली विदा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाईल्स’खाली, लिहून ठेवीत. २००७ साली सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तेथे लिहिण्यास मनाई झाली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण मग जुन्या आज्ञावली अडून बसल्या असत्या. त्या अडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक युक्ती योजली : जुन्या आज्ञावलीने तेथे लिहू पाहिले, की ती फाईल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरमधील ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या जागी लिहिली जाते. आज्ञावलीला काही कळत नाही.

ही सोय सद्हेतूने केलेली असली तरी तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात. एकाच संगणकावर दोन लिपिक आपापल्या नावाने प्रवेश करून शुल्काच्या पावत्या भरत असतील, तर प्रत्येकाची विदा स्वतंत्रपणे साठत जाते आणि एकाने भरलेली पावती दुसऱ्याला दिसत नाही. महिन्याअखेरीस मूळ फोल्डरची प्रत काढून ठेवली जाते, तेव्हा तीत त्या महिन्यातील एकही नोंद नसते. पुढे संगणक बदलताना तेवढीच प्रत नेली गेली, तर मधल्या वर्षांच्या नोंदी जुन्या यंत्राबरोबर भंगारात जातात. जुनी आज्ञावली ‘चालते आहे’ एवढ्यावर समाधान मानणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल. ती चालते तेव्हा विदा कोठे लिहिते हे पाहिले पाहिजे. आज्ञावली ‘प्रोग्रॅम फाईल्स’च्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये बसवणे हा यावरील सरळ उपाय होय.

ऑपरेटिंग सिस्टीमचे सोयिस्कर असत्य

जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून विंडोजने त्यांच्याशी वेळोवेळी चक्क खोटे बोलण्याचेही धोरण ठेवले आहे. विंडोजचा आवृत्ती-क्रमांक तपासण्यात अनेक प्रोग्रामर चुका करीत, म्हणून विंडोज ९५ने सोळा बिटांच्या आज्ञावलींना आपला क्रमांक ४.० असा न सांगता ३.९५ असा सांगितला. विंडोज ७चा अंतर्गत क्रमांकही याच कारणासाठी ७.० नसून ६.१ आहे. सिमसिटी या खेळाची कथा तर प्रसिद्धच आहे. हा खेळ परत केलेली स्मृती लगेच पुन्हा वाचत असे. डॉसवर ही चूक खपून जाई. विंडोज ९५वर मात्र खेळ बंद पडला असता. तेव्हा सिमसिटी चालू असल्याचे ओळखून स्मृती ताबडतोब परत न घेण्याची खास तजवीज खुद्द विंडोजमध्ये करण्यात आली. दुसऱ्याची चूक स्वतःच्या घरात सांभाळण्याचे हे उदाहरण तांत्रिक इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

आज्ञावलीच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेल्यावर जो ‘कॉम्पॅटिबिलिटी’ नावाचा विभाग दिसतो, तो याच धोरणाचा दृश्य भाग आहे. तेथे ‘विंडोज एक्सपी’ निवडल्याने संगणकात एक्सपी अवतरत नाही. आज्ञावली आणि विंडोज यांच्यामध्ये एक पातळ थर उभा राहतो आणि काही प्रश्नांची उत्तरे एक्सपीच्या थाटात देतो. साहजिकच ३२ बिटांच्या आज्ञावलींच्या आवृत्ती-तपासणीसारख्या अडचणी त्याने सुटतात. सोळा बिटांचा प्रश्न सुटत नाही. हार्डवेअरचाही सुटत नाही. ६४ बिटांच्या विंडोजच्या गाभ्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर शिरू शकत नाही. प्रिंटरच्या पोर्टला लावायचे ‘लॉक’ घेऊन येणारी भारतीय भाषांतील अनेक सॉफ्टवेअर येथेच अडखळतात. लॉक खरे, परवाना खरा, पण नव्या यंत्राला ना तसे पोर्ट, ना त्या लॉकचा ड्रायव्हर.

यंत्रातले यंत्र

उरतो तो मार्ग म्हणजे जुन्या आज्ञावलीला तिचे जुने जग उभे करून देणे. हे दोन प्रकारे करता येते आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे.

पहिला मार्ग अनुकरणाचा. २००२ साली प्रथम प्रसिद्ध झालेली डॉसबॉक्स ही मुक्त आज्ञावली जुना प्रोसेसर, पडदा, ध्वनी-कार्ड यांची संपूर्ण नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करते. प्रत्यक्ष प्रोसेसर कोणता आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. त्यामुळे आभासी ८०८६ अवस्था गेल्याने तिचे काही बिघडत नाही. शिवाय यंत्राचा वेग हवा तेवढा कमी ठेवता येतो, म्हणून वर वर्णिलेली टर्बो पास्कलची त्रुटीही येत नाही. बोर्लंडचे टर्बो सी++ भारतातील अनेक महाविद्यालयांत नव्या संगणकांवर चालत राहिले ते डॉसबॉक्सच्याच आश्रयाने. (१९९८ साली सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाल्यानंतरही त्यापूर्वीची बोली शिकवण्यासाठी एवढी खटपट करावी का, हा प्रश्न तांत्रिक नाही आणि त्याचे उत्तर अभ्यास मंडळांनी द्यायचे आहे.) डॉसबॉक्स मुख्यतः जुन्या खेळांसाठी घडवली गेली असल्याने मूळ आवृत्तीत छपाईची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्ससारख्या तिच्या पुढील रूपांत ती आहे.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीत ३२ बिटांचे एक संपूर्ण विंडोज एक्सपी बसवले, की त्या आतल्या यंत्रापुरती आभासी ८०८६ अवस्था पुन्हा उपलब्ध होते आणि डॉस व विंडोज ३.१च्या आज्ञावली पूर्ववत चालतात. येथे प्रोसेसर मात्र खराच वापरला जातो. म्हणून वेगाची चूक येथे कायम राहते. एक्सपीचा वैध परवाना हवा, आणि त्याचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेले असल्याने अशा आभासी यंत्राला इंटरनेटची जोडणी देऊ नये, या दोन अटी पाळाव्या लागतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी वाईन हा तिसरा पर्याय आहे. त्यात यंत्राची नक्कल नसून विंडोजला केलेल्या मागण्यांचे लिनक्सच्या भाषेत रूपांतर होते.

फक्त विदा वाचवून भागते का?

एवढी उठाठेव कशासाठी, विदेची फाईल उघडली म्हणजे झाले, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. डीबेस आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईल लिबरऑफिसमध्ये आजही सहज उघडतात. परंतु निकालाच्या किंवा वेतनाच्या बाबतीत नोंद म्हणजे केवळ विदा नव्हे.

डीबीएफमध्ये रकान्याचे नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचे असते. त्यामुळे रकान्यांची नावे त्रोटक, आणि आतील मूल्येही बहुधा १, २, ३ अशा संकेतांची. यांतील ‘३’ म्हणजे कोणता प्रवर्ग किंवा कोणता विषयगट, हे विदेत लिहिलेले नसते; ते आज्ञावलीच्या मजकुरात असते. त्याहून महत्त्वाचे असे की, तक्त्यात अनेकदा केवळ मिळालेले मूळ गुण असतात. उत्तीर्णतेसाठी दिलेले वाढीव गुण, एकूण बेरीज आणि श्रेणी यांचा हिशेब आज्ञावली गुणपत्रक छापताना त्या त्या वर्षीच्या नियमांनुसार करी आणि तो कोठेही साठवून ठेवीत नसे. विद्यार्थ्याच्या हाती गेलेल्या गुणपत्रकावर ४० दिसतात आणि तक्त्यात ३७. केवळ तक्ता पाहून पडताळणी करणाऱ्याने हे गुणपत्रक बनावट ठरवले, तर त्याला दोष देता येईल काय?

अशा नोंदी आज्ञावली चालत असते तेवढ्यापुरत्याच पूर्ण रूपात अस्तित्वात असतात. म्हणून जुनी आज्ञावली डॉसबॉक्समध्ये किंवा आभासी यंत्रात एकदा तरी चालवून, सर्व वर्षांची सर्व गुणपत्रके प्रिंटरऐवजी मजकूर-फाईलमध्ये काढून घेणे हे काम विदेची प्रत काढण्याइतकेच आवश्यक ठरते. फॉक्सप्रोमध्ये अहवाल फाईलकडे वळवण्याची सोय आहे. मूळ आज्ञावलीचा मजकूर असलेल्या पीआरजी फाईलही जपून ठेवाव्यात.

डीबीएफची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवणे इष्ट. फॉक्सप्रोमधील लांब शेरे मुख्य फाईलमध्ये नसतात. ते त्याच नावाच्या एफपीटी फाईलमध्ये असतात. ती मागे राहिली तर शेरे गेले. दुसरे असे की, खोडलेली नोंद प्रत्यक्षात पुसली जात नाही. तिच्या आरंभी केवळ एक तारांकन पडते. काही रूपांतरक साधने हे तारांकन पाहत नाहीत, आणि प्रवेश रद्द केलेले विद्यार्थी नव्या यादीत पुन्हा हजर होतात.

मराठी मजकुराची विशेष अडचण

येथवरचे विवेचन जगातील कोणत्याही कार्यालयास लागू पडते. मराठी मजकुराच्या बाबतीत एक कडी वाढते, आणि आज्ञावली चालू झाल्यावरही ती कडी तुटलेलीच राहू शकते.

डॉसच्या काळात भारतीय लिप्या पडद्यावर आणण्यासाठी जिस्ट कार्ड वापरले जाई. या तंत्रज्ञानाचा उगम आयआयटी कानपूर येथे झाला आणि पुण्यातील सी-डॅकने ते देशभर पोहोचवले. हे कार्ड संगणकात प्रत्यक्ष बसवावे लागे. डॉसबॉक्स जुन्या प्रोसेसरची नक्कल करते, जिस्ट कार्डाची नाही. त्यामुळे मराठी नावांची आज्ञावली डॉसबॉक्समध्ये सुरळीत चालते, पण नावांच्या जागी ग्रीक अक्षरे, चौकटींच्या रेघा आणि युरोपीय स्वरचिन्हे यांची खिचडी दिसते. अनेकदा येथेच विदा नष्ट झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. मजकूर इस्की या संकेतप्रणालीत असतो. १९९१ साली ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. इस्कीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावरच आधारलेली आहे. साहजिकच इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे हे बरेचसे अक्षरास अक्षर लावण्याचे काम होते.

विंडोजच्या काळातील फॉन्टची गोष्ट अधिक बिकट आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या मजकुरात अक्षरे नसतात, अक्षरांचे आकार असतात. रोमन अक्षरांच्या जागांवर अर्धा ष, उभा दंड, रफार, वेलांटी असे तुकडे बसवलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने साठवले जातात. ‘वार्षिक’ हा शब्द घ्यावा. अशा फॉन्टमध्ये साधारणतः व, काना, मग पहिली वेलांटी, मग ष, त्यानंतर रफार आणि शेवटी क असा क्रम असतो. युनिकोडमध्ये मात्र व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क असा उच्चारानुसारी क्रम लागतो. म्हणजे रूपांतर करताना वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते आणि रफार उचलून मागे. फॉन्ट बदलला की आकारांचे क्रमांकही बदलू शकतात. एका फॉन्टसाठी केलेला रूपांतरक दुसऱ्यास चालेलच असे नाही.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. रूपांतर नेहमी मूळ वर्ड फाईलवरून करावे. तीतून काढलेल्या साध्या मजकुरावरून करू नये. वर्ड फाईलमध्ये कोणत्या शब्दास कोणता फॉन्ट लावला आहे याची नोंद असते. ती गेली की मराठी मजकुरातील रोमन अक्षरे आणि खरोखरीचे इंग्रजी शब्द यांत भेद करण्याचे साधन उरत नाही, आणि शोधनिबंधातील इंग्रजी संज्ञा रूपांतरकाच्या हातून निरर्थक देवनागरी होऊन बाहेर पडतात.

रूपांतर झाल्यावरही ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कर्मचाऱ्यांना’ असे शब्द मुद्दाम तपासून पाहावेत. यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटतात. एका रूपाने शोधले असता दुसऱ्या रूपातील शब्द सापडेलच याची खात्री देता येत नाही.

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची आणि स्मरणिकांची स्थिती या दृष्टीने अधिक नाजूक आहे. त्यांचे बरेचसे अक्षरजुळणीचे काम पेजमेकरमध्ये झाले. या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली. अडोबीच्या इनडिझाईनमध्ये पेजमेकरच्या उत्तरकालीन फाईल सीएस६ या आवृत्तीपर्यंत उघडत. पुढील आवृत्त्यांतून ही सोय काढून घेण्यात आली. तेव्हा या फाईल वाचण्यासाठी आभासी यंत्रात एक्सपी, त्यात पेजमेकर आणि त्यात तोच जुना फॉन्ट अशी तिहेरी जुळणी करावी लागते. तेथून पीडीएफ काढल्यास पान जसेच्या तसे दिसते खरे. परंतु त्या पीडीएफमध्ये ‘वार्षिक’ हा शब्द शोधला असता सापडत नाही, कारण आत रोमन अक्षरेच असतात. म्हणून दर्शनासाठी पीडीएफ आणि शोधासाठी युनिकोड मजकूर अशी दोन्ही रूपे काढावी लागतात.

ग्रंथालयांनी या बाबतीत तुलनेने सुदैवी म्हणावे लागेल. युनेस्कोने १९८५पासून वितरित केलेली सीडीएस/आयसिस ही ग्रंथसूचीची आज्ञावली भारतात निस्सात या यंत्रणेमार्फत अनेक ग्रंथालयांना मिळाली. तिची डॉसवरील आवृत्ती ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. पण तिच्यात प्रारंभापासूनच आयएसओ २७०९ या आंतरराष्ट्रीय विनिमय स्वरूपात नोंदी बाहेर काढण्याची व्यवस्था आहे. कोहासारख्या आजच्या ग्रंथालय प्रणालीही याच स्वरूपातील मार्क नोंदी स्वीकारतात. डॉसबॉक्समध्ये आयसिस एकदा सुरू करायची, निर्यातीची आज्ञा द्यायची आणि आयसिसमधील रकान्यांचे क्रमांक मार्कच्या क्रमांकांशी जुळवायचे. या शेवटच्या टप्प्यास ग्रंथपालाचे ज्ञान लागते, संगणकतज्ज्ञाचे नव्हे. मराठी ग्रंथनामे रोमन लिप्यंतरात भरलेली असतील, तर ती मूळ देवनागरीत आणण्याचे काम मात्र पुस्तके कपाटातून काढूनच करावे लागते.